कातळ, जांभा आणि काळी

शिरूर तालुक्यातल्या एका शेतात विहिरीचं काम चालू होतं. मे महिन्याचे दिवस. यारीच्या बकेटात बसून मी खाली उतरलो, तेव्हा विहीर सहा परस खोल झाली होती. वरून पाहताना ती नुसता एक खड्डा वाटत होती. खाली जाता जाता मात्र तिच्या भिंतीतून एकेक थर डोळ्यांसमोरून सरकू लागला, आणि जमिनीचा सगळा इतिहास कुणीतरी उभा चिरून ठेवलाय असं वाटलं.

सगळ्यात वर चार फूट काळी माती. त्याखाली हात-दीड हात पिवळसर थर, त्यात चुनखडीचे हरभऱ्याएवढे पांढरे खडे. मग मुरूम. मुरमात मध्येच गोल गोल धोंडे अडकलेले, आणि प्रत्येक धोंड्याभोवती कांद्याला असावेत तसे पापुद्रे. बोटाने ओढला तर पापुद्रा हातात यायचा आणि चुरडून त्याची माती व्हायची. त्याखाली राखाडी, पांढऱ्या ठिपक्यांचा, टिकावाला दाद देणारा दगड. त्याहून खाली काळा, घट्ट कातळ. तिथे सुरुंगाशिवाय काम पुढे सरकत नव्हतं.

काम करणाऱ्यांमध्ये एक वयस्कर मामा होते. त्यांचं अर्धं आयुष्य विहिरी खोदण्यात गेलेलं. ठिपक्यांच्या दगडावर हात फिरवत ते म्हणाले, "सर, हा मांजऱ्या. ह्यो पाणी धरतो. खालचा पाषाण पाणी धरत न्हाई, फट असली तरच देतो. पन पाषाण संपला की तांबडा पट्टा लागंल. तिथं पाणी हाय."

दिसत नसलेल्या तांबड्या पट्ट्याबद्दल ते इतक्या खात्रीने कसं बोलत होते? कारण महाराष्ट्राची जमीन एका ठरलेल्या क्रमाने रचलेली आहे आणि एका ठरलेल्या रीतीने झिजत आली आहे. तो क्रम मामांनी हातांनी शिकला होता. या प्रकरणात आपण तोच क्रम समजून घेणार आहोत. कोकणचा तांबडा जांभा, सह्याद्रीचा काळा कडा आणि देशावरची काळी जमीन ही तिन्ही एकाच दगडाची रूपं आहेत. दगड एकच असताना रूपं तीन का झाली, याचं उत्तर मुख्यतः पाण्यात आहे. पाणी कुठे धावलं, कुठून निथळून गेलं आणि कुठे थांबलं, यावर इथल्या भूमीचं रूप ठरलं.

थरावर थर

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड आज आहे तिथे नव्हता. तो उत्तरेकडे सरकत होता आणि हिंदी महासागरातल्या आजच्या रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्त स्थानाच्या वर आला होता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर आला. ज्वालामुखी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे धूर ओकणारा शंकूसारखा डोंगर येतो. दख्खनचा बहुतेक लाव्हा तसा आला नाही. तो भेगांतून उतू जाणाऱ्या दुधासारखा पसरला. सुमारे ११०० अंश सेल्सिअस तापमानाचा हा रस पातळ होता, त्यामुळे तो दूरवर वाहत गेला आणि निवून त्याची आडवी चादर झाली. काही काळाने त्या चादरीवर दुसरी आली, मग तिसरी. यातला बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला असं आता मानलं जातं. भूगर्भाच्या घड्याळात हा काळ फार थोडा आहे.

हा लाव्हा थिजून झालेला दगड म्हणजे बेसाल्ट, आपला काळा पाषाण. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमी त्याने व्यापली आहे, आणि महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग त्यावर उभा आहे. पश्चिमेला हा ढीग सर्वांत जाड आहे आणि पूर्वेकडे तो पातळ होत जातो. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला जमिनीत खोल छिद्र घेतलं, तेव्हा सुमारे ३४० मीटरांवर बेसाल्ट संपला. कोयनेच्या परिसरात तशाच छिद्रांना ९०० मीटरांहून अधिक खोल जावं लागलं. त्याखाली लागला तो अब्जावधी वर्षांपूर्वीचा, ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक.

एका लाव्ह्यावर दुसरा लाव्हा लगेच आलाच असं नव्हे. मध्ये कधी शेकडो, कधी हजारो वर्षं गेली. तेवढ्या काळात वरचा थर हवा-पाण्याने झिजला आणि त्यातल्या लोखंडाला गंज चढून तांबडी माती झाली. मग नव्या लाव्ह्याने तिला झाकून भाजून काढलं. मामा ज्या तांबड्या पट्ट्याची वाट पाहत होते तो हाच. घाटरस्त्याच्या कापलेल्या कड्यात काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये विटकरी रंगाची आडवी रेघ दिसते, तीही हीच. काही ठिकाणी या मधल्या काळात तळी साचली, त्यांत वनस्पती वाढल्या, गोगलगायी राहिल्या. नागपूरच्या आसपास आणि मध्य प्रदेशात लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात त्यांचे जीवाश्म सापडतात. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींनी या वनस्पतींचा फार बारकाईने अभ्यास केला.

प्रत्येक लाव्ह्याची रचनाही समजून घ्यायला हवी. लाव्ह्यात वायू विरघळलेले असतात. तो निवू लागला की वायूचे बुडबुडे वर चढतात आणि वरच्या भागात अडकून राहतात. म्हणून थराचा माथा सच्छिद्र होतो आणि पोट भरीव राहतं. पुढे जमिनीतलं पाणी त्या छिद्रांत झिरपलं आणि त्यातल्या क्षारांनी ती भरून काढली. मांजऱ्यातले पांढरे ठिपके म्हणजे हीच भरलेली छिद्रं. छिद्र मोठं असलं तर आत स्टिल्बाइट, अपोफिलाइट, स्कोलेसाइट अशा खनिजांचे नितळ स्फटिक वाढतात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतला निळा कॅव्हनसाइट जगभरच्या संग्रहालयांत मानाने ठेवलेला आहे, आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असे स्फटिक जवळून पाहता येतात.

थराचा भरीव भाग सावकाश निवतो. निवताना तो आक्रसतो, आणि आक्रसताना त्याला उभ्या भेगा पडतात. निवणं सगळीकडून सारखं झालं तर या भेगा षटकोनी जाळी धरतात आणि खडकाचे उभे खांब तयार होतात. मुंबईत अंधेरीला इमारतींच्या गर्दीत सुमारे ६० मीटर उंचीचा गिल्बर्ट हिल उभा आहे. त्याच्या अंगावर हे खांब स्पष्ट दिसतात.

एवढं लक्षात ठेवून पुढे जाऊ: भरीव थराला उभ्या भेगा, त्याच्या माथ्याला सच्छिद्र दगड, आणि दोन थरांच्या सांध्यात बऱ्याच ठिकाणी मऊ तांबडी माती. पाण्याला काम करायला याहून सोयीची रचना मिळणार नाही.

दगड कुजतो तो कसा

लाकूड कुजतं हे आपण रोज पाहतो. दगडही कुजतो, फक्त त्याला वेळ फार लागतो. पावसाचं पाणी हवेतून पडताना थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतं. जमिनीत मुरताना झाडांच्या मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला तोच वायू त्यात आणखी मिसळतो, आणि पाणी अगदी सौम्य आम्ल होतं. सोड्याच्या बाटलीतल्या पाण्याचं ते फार फार पातळ रूप म्हणता येईल. हे पाणी बेसाल्टच्या भेगेत शिरलं की खनिजांना हळूहळू सोडवू लागतं.

बेसाल्टमध्ये निम्म्याच्या आसपास सिलिका असते. उरलेल्या भागात ॲल्युमिनियम, लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम अशी मंडळी असतात. कॅल्शियम, सोडियम आणि मॅग्नेशियम पाण्याबरोबर सहज निघून जातात. सिलिका सावकाश जाते. लोह आणि ॲल्युमिनियम मात्र जागा सोडायला तयार नसतात. या साध्या गोष्टीवर पुढची सगळी कथा अवलंबून आहे.

विहिरीच्या भिंतीतले ते कांद्यासारखे धोंडे आठवा. भेगांनी खडकाचे चौकोनी ठोकळे पडलेले असतात. पाणी त्यांना चहूबाजूंनी लागतं. सपाट बाजूवर ते एकाच दिशेने आत शिरतं, कडेवर दोन दिशांनी, कोपऱ्यावर तीन दिशांनी. म्हणून कोपरे आधी झिजतात, ठोकळा गोल होतो आणि त्याचे पापुद्रे सुटू लागतात. मी एक धोंडा घरी आणून फोडला. बाहेरचा पापुद्रा तपकिरी आणि भुसभुशीत होता, त्याच्या आतला पिवळसर, त्याच्या आतला हिरवट आणि थोडा टणक. मधोमध लिंबाएवढा काळा, ठणठणीत गाभा होता. दगडापासून मातीपर्यंतचा सगळा प्रवास वीतभर जागेत मांडलेला होता. रस्त्याला आपण जो मुरूम टाकतो, तो याच प्रवासातला मधला मुक्काम आहे.

आता हा कुजलेला माल जागच्या जागी राहतो, की वाहून जातो? आणि राहिला तर त्यातलं काय निघून जातं? इथून पाण्याच्या तीन वाटा सुरू होतात.

धावणारं पाणी

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पालथं पडून खाली डोकावलेल्या माणसाला उंची म्हणजे काय ते नव्याने कळतं. कडा नुसता ताठ नाही, तो आत वळलेला आहे. इतकी वर्षं पाऊस झोडपत असताना तो उतरता का झाला नाही? मातीचा ढीग पावसात पसरट होतो, मग कडा उभाच का राहतो?

उत्तर त्या थरांच्या रचनेत आहे. पाणी उभ्या भेगांतून खाली जातं आणि सांध्यातल्या मऊ थरापाशी अडतं. तिथून ते आडवं सरकून कड्याच्या अंगावर झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. पावसाळ्यात घाटात ओळीने एकाच उंचीवर पाझर दिसतात ते यामुळे. मऊ थर झिजला की वरच्या खडकाच्या पायाखालची जागा जाते. मग उभ्या भेगेवर तो सुटतो आणि अख्खा खांब दरीत कोसळतो. उरतो तो पुन्हा उभाच कडा, फक्त थोडा मागे सरकलेला. असा हा सह्याद्री उभ्याने मागे हटत आला आहे.

सुमारे ६.२ ते ६.३ कोटी वर्षांपूर्वी आजचं सेशेल्स भारतापासून तुटून वेगळं झालं आणि पश्चिमेचा किनारा घडू लागला. तेव्हाचा कडा समुद्राच्या जवळ होता आणि झिजत झिजत आजच्या जागी आला असं अनेक अभ्यासक मानतात. आज तो बऱ्याच ठिकाणी किनाऱ्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटर आत आहे. त्याने मागे सोडलेली अरुंद, चढउतारांची पट्टी म्हणजे कोकण.

कड्याच्या दोन बाजूंना पाण्याचा स्वभाव अगदी वेगळा आहे. गोदावरी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते, कारण पठाराचा उतार पूर्वेकडे आहे. कोकणात उतरणाऱ्या सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्यांना मात्र थोड्या अंतरात मोठी उंची उतरायची असते. त्यांचं पाणी वेगाने धावतं, खडक खोल कापतं आणि उगमाच्या दिशेने डोंगर कुरतडत जातं.

वेगाने वाहणारं पाणी एकटं फारसं कापत नाही. त्याच्या हातात हत्यार लागतं, आणि ते हत्यार म्हणजे दगडगोटे. हे पाहायचं असेल तर कुकडी नदीवरच्या निघोजला जावं. नदीच्या एका तीरावर पुणे जिल्ह्यातलं टाकळी हाजी, दुसऱ्या तीरावर अहिल्यानगर जिल्ह्यातलं निघोज आणि मळगंगेचं देऊळ. मधल्या काळ्या कातळात शेकडो रांजण खोदलेले आहेत. कुणा पाथरवटाने नव्हे, नदीने. पुराच्या पाण्यात भोवरे उठतात. खडकात लहानसा खळगा असला तर गोटा त्यात अडकतो आणि भोवऱ्याबरोबर गरगर फिरतो. तो खळगा खोल करतो आणि स्वतःही झिजतो. तो संपला की पुढचा पूर दुसरा गोटा आणून टाकतो. दोन रांजण वाढत वाढत एकमेकांना भिडले की मधली भिंत फुटते. अशा रीतीने नदीने इथे कातळात अरुंद, वळणदार घळ कोरली आहे.

उन्हाळ्यात एका कोरड्या रांजणात हात घालून मी तळातला गोटा काढला. कोंबडीच्या अंड्याएवढा होता तो, आणि तसाच गुळगुळीत. काळ्या अंगावर पांढरे ठिपके होते. म्हणजे तोही मांजऱ्याच. ज्या कातळाला तो कापत होता त्याच्याच कुळातला.

निथळणारं पाणी

कोकणात शिरलं की रंग बदलतो. गडग्याचे चिरे तांबडे, रस्त्याची धूळ तांबडी, पावसाळ्यात वहाळाचं पाणीही तांबडं. १८०७ साली फ्रान्सिस बुकॅनन यांनी केरळातल्या अंगडिपुरमचा असा दगड वर्णिला आणि विटेच्या लॅटिन नावावरून त्याला लॅटेराइट म्हटलं. आपल्याकडे तो जांभा म्हणूनच ओळखला जातो.

जांभा होण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: भरपूर पाऊस, वर्षभर ऊब आणि साधारण सपाट जागा. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. सपाटीवर तो वाहून न जाता आत शिरतो, खडकातली विरघळणारी द्रव्यं घेतो आणि खालून निथळून जातो. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. आधी कॅल्शियम आणि सोडियम गेलं, मग मॅग्नेशियम, मग सिलिकाही. लाखो वर्षांच्या या धुलाईत उरलं ते लोह आणि ॲल्युमिनियम. पावसाळा-उन्हाळ्याच्या पाळीने लोहाला गंज चढला आणि त्याने सगळं एकत्र बांधून टाकलं. हाच जांभा. जिथे ॲल्युमिनियमचं प्रमाण फार वाढलं तिथे बॉक्साइट झालं. कोल्हापूर जिल्ह्यात त्याच्या खाणी आहेत.

चिरेखाणीतला ताजा चिरा ओलसर आणि तासायला सोपा असतो. हवा लागून सुकला की तो टणक होत जातो. म्हणून आधी चिरा काढून घ्यायचा आणि मग भिंत रचायची, ही कोकणातली पद्धत. देवळं, घरं, विहिरी आणि कैक किल्ले या दगडाने उभे केले. त्याही आधी कुणीतरी रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळांवर, माणसं, हत्ती, मासे, कासवं कोरून ठेवली. त्या कातळशिल्पांचा समावेश २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला.

या धुलाईची किंमतही आहे. पाण्याबरोबर जमिनीचं पोषण गेलं. कास पठाराचा माथा जांभ्याचाच. तिथे माती पातळ आणि नत्र जवळजवळ नाही. म्हणून तिथल्या दवबिंदूसारख्या वनस्पती चिकट केसांनी कीटक पकडतात, आणि सीतेची आसवं इवल्या पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेतात. ज्या फुलांसाठी आपण भाद्रपदात कासला गर्दी करतो, त्यांतली कित्येक दगडाच्या या गरिबीतून आली आहेत. दुसरी किंमत माणसं मोजतात. जांभ्याच्या छिद्रांतून पाणी जितक्या सहज आत जातं, तितक्याच सहज निघूनही जातं. एवढा पाऊस पिऊनही कोकणातल्या अनेक वाड्यांना मे महिन्यात हंडे घेऊन दूर जावं लागतं, त्यामागे हे मोठं कारण आहे.

आता पाचगणीचं टेबललँड पाहू. चारी बाजूंनी तुटलेलं, माथ्याने सपाट. जांभा सपाट जागी होतो असं आपण म्हटलं. मग तो डोंगरमाथ्यावर कसा पोहोचला? तो चढलेला नाही. एके काळी तिथे दूरवर पसरलेली सपाटी होती आणि तिच्यावर जांभ्याची साल धरली होती. आजूबाजूची भूमी नद्यांनी कापून नेली. जिथे ही टणक साल टिकली तिथे खालचा दगडही वाचला. टेबललँडवर उभं राहिलं की आपण हरवलेल्या एका जुन्या भूमीच्या शेवटच्या तुकड्यावर उभे असतो.

थांबणारं पाणी

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. सरळ रेषेत अंतर शंभर किलोमीटरही नाही. खालचा दगड दोन्हीकडे तोच. पण माणमधल्या पाण्यात दगड धुऊन काढण्याइतका दम नाही. ते थोडं मुरतं, तिथेच थांबतं आणि उन्हाने वर ओढलं जातं. विरघळलेली द्रव्यं फार दूर जात नाहीत. कॅल्शियम दोन-चार फूट खाली उतरून चुनखडीचे खडे होऊन बसतं. विहिरीतल्या त्या पांढऱ्या खड्यांचा जन्म असा झाला. सिलिका आणि मॅग्नेशियमही जमिनीत राहतात, आणि त्यांच्यापासून माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती तयार होते. काळ्या जमिनीचा सगळा स्वभाव तिच्यात आहे.

या मातीचे कण वहीच्या पानांसारखे एकावर एक असतात. पाणी मिळालं की ते पानांमध्ये शिरतं आणि माती फुगते. पाणी गेलं की पानं मिटतात आणि माती आक्रसते. चैत्र-वैशाखात काळीला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, कधी कंबरेइतक्या खोल. वरची माती त्यांत घरंगळते. मृगाचा पाऊस आला की खालची माती फुगून वर येते. वर्षानुवर्षं हे चालू राहिल्याने वरचं खाली आणि खालचं वर होत राहतं. म्हणून काळी स्वतःच स्वतःला नांगरते असं म्हणतात. ओल धरून ठेवण्याच्या या गुणावर विदर्भ-मराठवाड्यातला कापूस आणि सोलापूरकडची रब्बीची ज्वारी उभी आहे. पाऊस परतल्यावर महिनोन् महिने ज्वारीचं पीक मातीतल्या ओलीवर वाढतं.

शेत म्हणजे काळी आणि गाव म्हणजे पांढरी, अशी जोडी आपल्या भाषेत जुनी आहे. काळीवर पीक घ्यायचं, पांढरीवर घर बांधायचं. फुगणाऱ्या-आक्रसणाऱ्या जमिनीवरची भिंत तडकते हे लोकांनी अनुभवाने जाणलं होतं. आज काळीवर वसाहती होतात तेव्हा पाया खालच्या मुरमापर्यंत न्यावा लागतो.

सगळी काळी जागच्या जागी झालेली नाही. पाण्याने उतारावरची माती खाली आणली आणि तळाशी साठवली. त्यामुळे एकाच गावच्या शिवारात माथ्याला बरड, उताराला मुरमाड आणि ओढ्याकाठी भारी काळी असा क्रम दिसतो.

थांबण्यालाही मर्यादा हवी. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातल्या खोल गाळात पाण्याला नीट वाट मिळाली नाही आणि क्षार साचले. तो खारपाणपट्टा. तिथे विहिरीचं पाणी खारं लागतं. बागायतीच्या भागात भारी जमिनीला सतत जास्त पाणी दिल्याने ती चोपण झाल्याचं सांगली-कोल्हापूरकडच्या ऊस उत्पादकांनी पाहिलं आहे. जे काम करायला निसर्गाला हजारो वर्षं लागली, ते आपण काही दशकांत करून दाखवलं.

डोंगर खाली येतो तेव्हा

झिजण्याची ही कामं इतकी सावकाश चालतात की डोंगर आपल्याला अचल वाटतो. पण कधी कधी शतकांचं काम एका क्षणात होतं. ३० जुलै २०१४च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं आणि सुमारे दीडशे माणसं गाडली गेली. २२ जुलै २०२१ला महाडजवळचं तळिये, १९ जुलै २०२३च्या रात्री रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी. तिन्ही घटना जुलैच्या मुसळधार पावसातल्या.

विहिरीची भिंत इथेही आठवावी. वर माती आणि मुरूम, खाली अभेद्य कातळ. तीच रचना तिरकी करा, म्हणजे डोंगराचा उतार झाला. संततधार पावसात पाणी मुरमात भरत जातं आणि कातळापाशी तुंबतं. माती जड होते, कणांमधलं पाणी त्यांची एकमेकांवरची पकड सोडवतं, आणि सगळा थर कातळावरून सुटतो. उताराचा पायथा रस्त्यासाठी किंवा सपाटीकरणासाठी कापलेला असेल, झाडांची मुळं गेली असतील, तर हे आणखी लवकर घडू शकतं.

डोंगर बहुधा आधी खुणा देतो. उतारावर नव्या भेगा पडतात, झाडं आणि विजेचे खांब कलतात, भिंतींना तडे जातात, नितळ झरा अचानक गढूळ होतो किंवा नवीच जागा धरतो. डोंगरउतारावरच्या प्रत्येक वाडीतल्या लहानथोरांना या खुणा पाठ असायला हव्यात. त्या दिसल्या की पाऊस थांबण्याची वाट न पाहता तिथून बाहेर पडायला हवं. भूगर्भाच्या ज्ञानाचा याहून मोठा उपयोग मला सुचत नाही.

मुरणारं पाणी

पळणाऱ्या पाण्याला चालायला लावा, चालणाऱ्याला थांबवा, थांबलेल्याला मुरवा, असं पाणलोटाच्या कामात खेडोपाडी सांगितलं जातं. या प्रकरणात पाहिलेलं सगळं त्या वाक्यात सामावलं आहे. पळणारं पाणी कडा कापतं आणि मातीही नेतं. इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, आणि उघड्या उतारावरून ती काही पावसाळ्यांत वाहून जाते. उतारावरचे सलग समतल चर, शेताची बांधबंदिस्ती, ओढ्यातले दगडी बांध ही कामं पाण्याचा वेग मोडतात. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारने हे करून दाखवलं. नद्यांनी आणि पावसाने सहा कोटी वर्षं जे हत्यार वापरलं, त्याची धार आपण आपल्या शिवारापुरती बोथट करू शकतो. मात्र हे उतार पाहून करायला हवं. जिथे डोंगर ताठ आहे आणि खाली वस्ती आहे, तिथे पाणी मुरवण्याऐवजी त्याला बाहेरची वाट करून देणं शहाणपणाचं.

शिरूरच्या त्या विहिरीवर मी आठ दिवसांनी पुन्हा गेलो. पाषाण फोडून झाला होता आणि आठव्या परसाला तांबडा पट्टा लागला होता. मामांचा अंदाज बरोबर ठरला. मनगटाएवढ्या जाडीचा विटकरी थर भिंतीत गोल फिरला होता आणि त्याच्या वरच्या अंगाने पाणी पाझरत होतं. शेताच्या मालकीणबाईंनी काठावर नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. घरात कितीतरी दिवसांत एवढा आनंद झाला नव्हता, असं त्यांच्या सुनेने सांगितलं. डोंगराच्या अंगाला तीन वर्षांपूर्वी गावाने चर खणले होते. तिथे मुरलेलं पाणी मुरमातून, मांजऱ्यातून, पाषाणाच्या फटींतून वाट काढत या सांध्यापाशी आलं असावं.

मी ओंजळ धरली. पाणी गार होतं आणि गढूळ तांबूस होतं. "दोन दिसांत निवळंल," मामा म्हणाले. ओंजळीच्या तळाशी तांबड्या मातीचे चार बारीक कण बसले. ६.६ कोटी वर्षांपूर्वी दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात कुठल्याशा पावसाने दगडाची ती माती केली होती, आणि आज पाणी तिला पुन्हा पुढे घेऊन निघालं होतं.